आभासी सर्व्हर दोन, संगणक तीन तऱ्हेचे: विंडोज, मॅक आणि उबुंटूवरून जोडणी कशी करावी?

अबोली

दादरच्या एका वाचनालयाची ग्रंथसूची आणि संकेतस्थळ आभासी सर्व्हरवर हलवलं आहे. सर्व्हर मुंबई विभागातच घेतला: उबुंटू २४.०४, २ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. हिशेबाचं टॅली दुसऱ्या सर्व्हरवर आहे, तिथे विंडोज सर्व्हर २०२२. दोन्ही एकाच कंपनीकडे, एकाच खासगी नेटवर्कमध्ये.

काम करणारे तिघे. वाचनालयातला संगणक विंडोज ११, ठाण्याला एकीचं मॅकबुक, वसईला एकाचा जुना लॅपटॉप आणि त्यावर उबुंटू. सध्याची स्थिती अशी:

– विंडोजवर पुट्टी (दूरच्या सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम) वापरून उबुंटू सर्व्हर लागतो.
– तीच पीपीके किल्ली (पुट्टीची, पासवर्डऐवजी चालणारी फाइल) मॅकवर नेली तर टर्मिनल म्हणतं ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’.
– वसईच्या लॅपटॉपवर ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’.
– टॅलीचा सर्व्हर वाचनालयातून लागतो, ठाण्याहून आणि वसईहून मात्र ‘टाइम आउट’.

तिघांना सारखीच वापरता येईल अशी एक पद्धत हवी आहे. शेजारी बसून दाखवणारं कुणी नाही, त्यामुळे कृपया पायरी गाळू नका. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा, टाइप करताना आम्ही रोमनमध्ये करू.

तारवाला

अबोलीताई, या तक्रारी एकाच दुखण्याच्या नाहीत. जोडणी टप्प्याटप्प्याने होते आणि कुठल्या टप्प्यावर अडलं ते एररच सांगतो. म्हणून एररचे शब्द नीट वाचायची सवय तिघांनाही लावा, निम्मा वेळ वाचेल.

‘टाइम आउट’ म्हणजे तुमचं पाकीट (पाठवलेला माहितीचा तुकडा) पलीकडून उत्तर घेऊन आलंच नाही. बहुतेक वेळा फायरवॉलने ते गुपचूप टाकून दिलेलं असतं, नाहीतर आयपी (यंत्राचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) चुकलेला किंवा बदललेला असतो. इथे किल्ली, पासवर्ड बदलून काहीही होणार नाही, कारण तिथपर्यंत बोलणं पोचलेलंच नाही.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही त्या मानाने चांगली बातमी. यंत्र सापडलं, पण त्या पोर्टवर (सेवेच्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नाही. सेवा बंद आहे किंवा पोर्ट दुसरा आहे. एसएसएच म्हणजे टर्मिनलमधून सर्व्हरशी होणारी सुरक्षित जोडणी, तिचा नेहमीचा पोर्ट २२, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९.

‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ आलं म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, सेवा सगळं ठीक आहे. चूक दोनच ठिकाणी असू शकते, वापरकर्त्याचं नाव किंवा किल्ली. वसईवाल्यांना आधी विचारा, ते कुठल्या नावाने जाताहेत? नाव दिलंच नाही तर एसएसएच लॅपटॉपवरचं लॉगिन नावच पुढे पाठवतं. ॲमेझॉनच्या तयार प्रतिमांवर उबुंटूसाठी नाव ‘उबुंटू’, डेबियनसाठी ‘ॲडमिन’, ॲमेझॉन लिनक्ससाठी ‘ईसी२-यूजर’ असतं. काही कंपन्या थेट ‘रूट’ देतात. तुमच्या कंपनीच्या पानावर सर्व्हरच्या तपशिलात ते लिहिलेलं असेल.

आणखी खोलात बघायचं तर एसएसएचच्या पुढे ‘डॅश व्ही’ लावा. ‘कनेक्टिंग टू’ या ओळीनंतर शांतता असेल तर फायरवॉल. ‘ऑफरिंग पब्लिक की’ दिसतंय पण ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ येत नसेल तर सर्व्हरवर ती किल्ली नोंदलेली नाही, किंवा नाव चुकीचं आहे.

पिंगवर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी पिंग बंद ठेवलेला असतो आणि सर्व्हर ठणठणीत असतो. पोर्टच तपासा. मॅक आणि लिनक्सवर ‘एनसी -व्हीझेड आयपी २२’, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन आयपी -पोर्ट २२’.

शिवडीकर

वरचं निदान बरोबर. आता एकच पद्धत कोणती, त्याबद्दल.

ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचचा मोफत प्रोग्राम, तिन्हीकडे आहे. मॅकमध्ये आणि उबुंटूत ते मुळातच असतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून तेही सोबत येऊ लागलं आणि विंडोज ११ मध्ये आहेच. दिसलं नाही तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये ‘ओपनएसएसएच क्लायंट’ जोडून घ्या. तिन्ही ठिकाणी कमांड तीच, किल्लीचा साचा तोच, कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तीच. एकाला शिकवलं की तिघांना येतं. फोनवरून मदत करताना हे फार मोलाचं आहे, कारण ‘तुझ्याकडे कुठलं बटण दिसतंय’ हा प्रश्नच उरत नाही.

पहिली गोष्ट, एकच किल्ली तिघांना वाटू नका. प्रत्येक यंत्राची किल्ली त्या यंत्रावरच तयार करायची आणि खासगी भाग तिथून कधीच हलवायचा नाही. मॅकवर पीपीके चालत नाही ही अडचण त्याने आपोआपच मिटते. तिन्ही ठिकाणी हीच कमांड:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी ठाणे-मॅक

शेवटचा शब्द नुसती ओळख आहे. ‘दादर-विंडोज’, ‘वसई-उबुंटू’ असं यंत्राचं नाव द्या. जागा विचारेल तिथे एंटर. पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) विचारेल तिथे मात्र एंटर दाबून पुढे जाऊ नका, द्याच. वाचनालयातल्या संगणकावर चार जण बसतात.

दोन फाइली होतात. ‘.पब’ने संपणारी सार्वजनिक, ती ईमेलने पाठवली तरी चालते. दुसरी खासगी. वसई आणि ठाण्याने आपापली ‘.पब’ फाइल अबोलीताईंना पाठवावी. अबोलीताईंनी पुट्टीने आत जाऊन ‘~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज’ फाइलच्या शेवटी ती आणि दादरची स्वतःची ‘.पब’ चिकटवावी. एक किल्ली, एक ओळ. मध्ये ओळ तुटली की ती किल्ली मेली.

मग प्रत्येक यंत्रावर ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाची फाइल करा, हे लिहा:

होस्ट सूची
  होस्टनेम सर्व्हरचा-आयपी
  यूजर उबुंटू
  आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
  आयडेंटिटीजओन्ली येस
  सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

यापुढे तिघांनीही फक्त ‘एसएसएच सूची’ एवढंच टाइप करायचं. फाइल पाठवायची असेल तर ‘एससीपी यादी.सीएसव्ही सूची:’, शेवटचा अपूर्णविराम विसरायचा नाही. तो विसरला तर एससीपी तुमच्याच यंत्रावर ‘सूची’ नावाची प्रत करून ठेवतं आणि एररही देत नाही.

‘आयडेंटिटीजओन्ली’ची ओळ का? यंत्रावर चारपाच किल्ल्या साठल्या की एसएसएच एकामागून एक सगळ्या दाखवत सुटतं. सर्व्हर साधारण ६ प्रयत्नांनंतर ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून दार लावून घेतो, मग बरोबर किल्लीची पाळी येतच नाही.

कंदील

विंडोजवर या पद्धतीत जिथे हमखास पाय अडकतो ते लिहून ठेवतो.

१. नोटपॅड ‘कॉन्फिग’ फाइल ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ म्हणून साठवतं आणि एक्स्प्लोरर ते शेपूट लपवतो. फाइल डोळ्यांना बरोबर दिसते, एसएसएचला सापडत नाही. एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून खात्री करा.

२. जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ चिन्हाने फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. ओपनएसएसएचला ती वाचता येत नाही. नोटपॅडनेच बनवा, साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

३. ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा मोठ्या चौकटीत इशारा येतो. खासगी किल्ली दुसऱ्या वापरकर्त्यांनाही वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायचं नाकारतं. डी ड्राइव्हवर किंवा सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या किल्लीचं हेच होतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ‘डिसेबल इनहेरिटन्स’, आणि यादीत फक्त आपलं नाव उरेल असं करा. मॅक आणि उबुंटूवर हेच काम ‘सीएचमॉड ६००’ने होतं, फोल्डरला ७००.

४. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांनी सी ड्राइव्हवरची किल्ली तिथूनच वापरायला जाऊ नये. लिनक्सच्या बाजूने तिच्या परवानग्या ७७७ दिसतात आणि सीएचमॉडचाही सहसा उपयोग होत नाही. लिनक्सच्या होममध्ये प्रत करून मग ६०० करा.

५. पासफ्रेज दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो. त्यासाठी उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट आहे, पण विंडोजवर त्याची सेवा मुळात बंद असते. सर्व्हिसेसमध्ये ‘ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट’ शोधा, स्टार्टअप ‘ऑटोमॅटिक’ करा, स्टार्ट दाबा, मग ‘एसएसएच-ॲड’. मात्र विंडोजवर एजंटला दिलेली किल्ली यंत्र बंद-चालू केल्यावरही टिकते. वाचनालयात सगळे एकाच विंडोज खात्यावर बसत असतील तर एजंट वापरू नका, पासफ्रेजच टाइप करा.

खाडीपलीकडचा

शिवडीकरांचं म्हणणं मान्य, पण पुट्टी काढून टाकायची घाई नको. विंडोज ७ चे संगणक अजून कितीतरी कचेऱ्यांत आहेत आणि तिथे ओपनएसएसएच सोबत येत नाही. पुट्टी एका फाइलीत चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. राउटर, स्विच यांना सिरियल केबलने जोडायलाही तेच हाताशी येतं.

फक्त पुट्टीजेनमधला (पुट्टीच्या किल्ल्या बनवणाऱ्या अवजारातला) एक सापळा माहीत हवा. ‘सेव्ह पब्लिक की’ दाबल्यावर जी फाइल मिळते ती अनेक ओळींची असते, वर-खाली ‘बिगिन’ आणि ‘एंड’. ती ऑथराइज्ड_कीजमध्ये चिकटवून काहीही उपयोग नाही. खिडकीच्या वरच्या चौकटीत ‘एसएसएच-ईडी२५५१९’ किंवा ‘एसएसएच-आरएसए’ने सुरू होणारी जी लांब ओळ दिसते, ती पूर्ण निवडून कॉपी करायची. चौकट लहान असल्यामुळे शेवटचा भाग सुटतो, म्हणून आत क्लिक करून कंट्रोल-ए.

पीपीकेतून बाहेर पडायचंच असेल तर पुट्टीजेनमध्ये किल्ली उघडा, कन्व्हर्जन्स मेनूत ‘एक्स्पोर्ट ओपनएसएसएच की’. पुट्टी ०.७५ पासून, म्हणजे २०२१ पासून, पीपीकेची तिसरी आवृत्ती निघते. जुनी अवजारं ती उघडत नाहीत, तेव्हा पुट्टीजेनमध्येच दुसऱ्या आवृत्तीत साठवता येते.

शिवडीकर

पुट्टीजेनचा मुद्दा अगदी नेमका. विंडोज ७ बद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ज्या यंत्राला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही त्यावर सर्व्हरची किल्ली ठेवूच नये, मग ती पुट्टीची असो की आणखी कशाची.

रातराणी

मॅकबद्दल.

पासफ्रेज कीचेनमध्ये (मॅकच्या पासवर्ड-पेटीत) ठेवता येतो: ‘एसएसएच-ॲड --ॲपल-यूज-कीचेन’, पुढे किल्लीचा पत्ता. कॉन्फिगमध्ये ‘ॲडकीजटूएजंट येस’ आणि ‘यूजकीचेन येस’ या ओळी. पण तीच कॉन्फिग फाइल तिघांना वाटली तर विंडोज आणि उबुंटूवर ‘बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन: यूजकीचेन’ म्हणून सगळंच थांबेल, कारण ती ओळ फक्त ॲपलच्या एसएसएचला कळते. फाइलच्या अगदी वर ‘इग्नोरअननोन यूजकीचेन’ लिहा, मग तीच फाइल तिन्हीकडे बिनतक्रार चालते.

मॅकवरून उबुंटूत शिरलं की कधीकधी ‘कॅनॉट चेंज लोकेल, यूटीएफ-८’ असा इशारा येतो. मॅकचं टर्मिनल भाषेची सेटिंग नुसती ‘यूटीएफ-८’ म्हणून पाठवतं, आणि लिनक्सवर त्या नावाचं लोकेल नसतं. टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये, प्रोफाइल्स, ॲडव्हान्स्ड, तिथली ‘सेट लोकेल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ऑन स्टार्टअप’ ही खूण काढा. ग्रंथसूची देवनागरीत आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. लोकेल बिघडलेलं असताना शीर्षकं अकारविल्हे लावली तर क्रम भलताच येतो.

विंडोज सर्व्हरसाठी मॅकवर मायक्रोसॉफ्टचंच ॲप आहे. पूर्वी त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप’ होतं, सप्टेंबर २०२४ पासून ‘विंडोज ॲप’. जुनं नाव शोधून सापडत नाही म्हणून लोक भलतंच काहीतरी उतरवून घेतात.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. उबुंटू सर्व्हर तिन्ही ठिकाणांहून लागला. वसईहून ‘रूट’ नावाने प्रयत्न चालला होता, नाव बदलताच आत गेले.

टॅलीचं अजून अडलेलं आहे. कंपनीच्या पानावर फायरवॉलमध्ये ३३८९ पोर्ट ‘माझा आयपी’ निवडून उघडला होता. ठाण्याचा आणि वसईचा आयपीही घातला, दोघांकडून लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वसईहून पुन्हा ‘टाइम आउट’. आता ३३८९ सगळ्यांसाठी उघडा ठेवावा का?

तारवाला

नको. कृपया तसं करू नका. ३३८९ जगाला उघडा दिसला की त्यावर पासवर्ड ओळखण्याचे आपोआप चालणारे प्रयत्न लगेच सुरू होतात. टॅलीचा सगळा हिशेब त्या एका पासवर्डच्या भरवशावर ठेवायचा नाही.

आयपी का बदलतो ते आधी. घरच्या ब्रॉडबँडला बहुधा कायमचा आयपी मिळत नाही. राउटर बंद-चालू झाला, वीज गेली, की नवा. मोबाइल डेटावर, आणि केबलवाल्यांच्या बऱ्याच जोडण्यांवर, शेकडो ग्राहक मिळून एकच बाहेरचा आयपी वापरतात. म्हणजे आज तुम्ही ‘माझा आयपी’ म्हणून ज्याला दार उघडलंत, त्यामागे बाकीचे अनोळखी ग्राहकही असतात.

तुमचे दोन्ही सर्व्हर एकाच खासगी नेटवर्कमध्ये आहेत ही मोठी सोय आहे. टॅलीकडे उबुंटू सर्व्हरच्या आतून बोगदा काढा, म्हणजे टॅलीची जोडणी एसएसएचच्या आतून न्या.

आधी टॅलीच्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त उबुंटू सर्व्हरच्या खासगी आयपीला उघडा ठेवा. बाकी सगळे नियम काढा. विंडोजच्या आतल्या फायरवॉलमध्येही रिमोट डेस्कटॉपच्या नियमात तोच आयपी.

मग तिन्ही यंत्रांच्या कॉन्फिगमध्ये ‘सूची’च्या खाली एक ओळ वाढवा:

  लोकलफॉरवर्ड १३३८९ टॅलीचा-खासगी-आयपी:३३८९

आता ‘एसएसएच सूची’ करून ती खिडकी उघडी ठेवायची आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये पत्ता द्यायचा ‘लोकलहोस्ट:१३३८९’. विंडोजवर ‘एमएसटीएससी’ चालवून, मॅकवर विंडोज ॲपमध्ये ‘ॲड पीसी’ करून, उबुंटूवर रेमिनामध्ये. पत्ता तिघांचाही तोच.

१३३८९ का, थेट ३३८९ का नाही? विंडोजवर लोकलहोस्टचा ३३८९ म्हणजे तेच यंत्र. ‘कन्सोलला जोडता येत नाही’ अशा अर्थाचा एरर येऊन जोडणी नाकारली जाते. प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही असा इशारा येईल. पत्ता लोकलहोस्ट आणि प्रमाणपत्र टॅली सर्व्हरचं, म्हणून. बोगद्याचं दुसरं टोक तुम्हीच ठरवलेलं आहे, तेव्हा इथे तो स्वीकारायला हरकत नाही. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी तो डोळे झाकून स्वीकारू नका.

आता उघडं दार उरलं एकच, उबुंटूचा २२. तिथे पासवर्डने शिरणं बंद करा, फक्त किल्ली. हे करताना लोक स्वतःलाच बाहेर कोंडून घेतात, म्हणून क्रम पाळा.

सध्याची जोडणी चालू ठेवा, ती खिडकी शेवटपर्यंत बंद करू नका. ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ करा. उबुंटूत एवढ्याने भागेलच असं नाही. शेजारच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमध्ये ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असू शकतं. ती फाइल आधी वाचली जाते आणि एसएसएचमध्ये आधी वाचलेली किंमतच टिकते. तिथेही बदला. ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवून व्याकरण तपासा, काहीच छापलं नाही तर बरोबर. मग मोठ्या टीने, ‘सुडो एसएसएचडी -मोठा टी’, प्रत्यक्षात लागू होणारी सगळी सेटिंग्ज छापून येतात, त्यात पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ शोधा. ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच’. आणि दुसरी नवी खिडकी उघडून आत जाता येतंय हे बघा. मगच पहिली बंद करा.

२२ चा पोर्ट बदलायचा मोह झाला तर उबुंटू २४.०४ मध्ये नुसती सेवा रीस्टार्ट करून तो बदलत नाही. तिथे पोर्टवर सिस्टिमडीचं (सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचं) सॉकेट कान देऊन असतं. ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि मग ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट’. तुमच्यासाठी त्याची गरज नाही असं माझं मत. किल्ली सक्तीची असताना पोर्ट बदलून नोंदवहीतली गर्दी तेवढी कमी होते.

यूएफडब्ल्यू (उबुंटूची आतली फायरवॉल) वापरणार असाल तर ‘अलाउ ओपनएसएसएच’ आधी, ‘एनेबल’ नंतर. उलट केलं तर पुढची जोडणी लागणार नाही. तरीही कोंडले गेलातच तर कंपनीच्या पानावर ब्राउझरमधला कन्सोल असतो, तो एसएसएचवर अवलंबून नसतो. त्याचा रस्ता आणि पासवर्ड आजच तपासून ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधत बसू नका.

कंदील

+१. बोगद्याची पद्धत तिघांनाही सारखी, हेच धाग्यात विचारलं होतं.

रिमोट डेस्कटॉपबद्दल दोन गोष्टी. विंडोज सर्व्हरवर वेगळा परवाना न घेता एकाच वेळी दोनच जणांना बसता येतं, तेही व्यवस्थापनाच्या कामासाठी. तिसऱ्याला ‘टू मेनी यूजर्स’ दिसतं. रोज हिशेब लिहिणं हे व्यवस्थापनात मोडत नाही, त्यामुळे परवान्याची चौकशी विकत घेतलेल्या कंपनीकडे आताच करा. आणि खिडकीची फुली दाबली म्हणजे बाहेर पडलो असं नाही. सत्र तिथेच चालू राहतं, जागा अडवतं, टॅलीही उघडं राहतं. स्टार्ट मेनूतून ‘साइन आउट’ करायची सवय हवी.

कॉपी-पेस्ट अचानक बंद पडलं तर सर्व्हरच्या आत टास्क मॅनेजरमध्ये ‘आरडीपीक्लिप’ संपवा आणि रनमधून तेच नाव देऊन पुन्हा चालू करा. जोडणी तोडावी लागत नाही.

वसईचा_वारा

लोकलमधून मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी.

घरचं वायफाय सुटून फोनच्या डेटावर गेलात की आयपी बदलतो आणि चालू एसएसएच जोडणी गोठते. पडदा तसाच, अक्षर उमटत नाही. खिडकी मारायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड चिन्ह (~), मग टिंब, या क्रमाने दाबा, एसएसएच लगेच सोडून देतं. पण त्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. पुष्कळदा फाइल साठवण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं आणि त्याने टर्मिनलचं छापणं थांबतं, जोडणी शाबूत असते.

काहीही न करता पाचदहा मिनिटं गेली की तुटणारी जोडणी वेगळी. मधलं राउटर गप्प जोडणी विसरून जातं. शिवडीकरांच्या कॉन्फिगमधली ६० सेकंदांची ओळ त्यासाठीच आहे.

सर्व्हरवर लांबचं काम, सूचीची आयात किंवा अपग्रेड, नेहमी टीमक्समध्ये करावं. ‘टीमक्स न्यू -एस आयात’ करून सुरू करा. बोरिवलीला जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं. दादरला उतरल्यावर ‘टीमक्स अटॅच -टी आयात’, पुढे चालू. अपग्रेड टीमक्सशिवाय करू नका, मध्येच तुटलं तर पॅकेजं अर्धवट बसतात.

मॉश, एसएसएचच्या जोडीचा प्रोग्राम, त्याहून पुढचं. आयपी बदलला तरी जोडणी टिकते. ते यूडीपी ६०००० ते ६१००० वापरतं, तेवढी फायरवॉल उघडावी लागते आणि सर्व्हरवरही बसवावं लागतं. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून चालतं. पण मॉशमधून लोकलफॉरवर्ड होत नाही, म्हणजे टॅलीच्या बोगद्यासाठी साधं एसएसएचच.

एक विचित्र प्रकारही इथेच नोंदवतो. ‘डॅश व्ही’ लावल्यावर ‘एक्स्पेक्टिंग एसएसएच२_एमएसजी_केईएक्स’ या ओळीवर जोडणी लटकत असेल, आणि तीच दुसऱ्या इंटरनेटवरून लगेच लागत असेल, तर पाकिटाचा आकार मोठा होतोय. लहान पाकिटं जातात, मोठं मध्येच गहाळ होतं. यंत्रावर एमटीयू (पाकिटाच्या आकाराची मर्यादा) १५०० वरून १४०० करून बघा. लिनक्सवर ‘सुडो आयपी लिंक सेट डेव्ह इंटरफेस एमटीयू १४००’.

रातराणी

देवनागरी फाइल टर्मिनलमध्ये उघडून संपादित करू नका असं मी सुचवेन. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट देतं. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्यात नीट बसत नाहीत, कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पुसलं जातं. फाइल बिघडलेली नसते, दिसणं चुकतं. पण अशा पडद्यावर दुरुस्ती केली की फाइलही खरोखर बिघडते.

व्हीएस कोड या संपादकाचं ‘रिमोट एसएसएच’ तिन्हीकडे चालतं आणि हीच कॉन्फिग फाइल वाचतं, यादीत ‘सूची’ आपोआप दिसते. ते सर्व्हरवर स्वतःचा एक भाग बसवतं. त्याला किमान १ जीबी रॅम लागते, तुमच्याकडे २ आहे. एवढं नको असेल तर फाइली हलवायला विंडोजवर विनएससीपी, मॅकवर सायबरडक, आणि उबुंटूच्या फाइल्समध्ये ‘अदर लोकेशन्स’ला ‘एसएफटीपी://सूची’ लिहिलं की फोल्डर उघडतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

अबोली

बोगदा चालला. ठाणे, वसई, दादर, तिन्हीकडून टॅली उघडलं, आणि ३३८९ आता बाहेरून बंद आहे. पासवर्ड लॉगिनही बंद केलं. ‘५०-क्लाउड-इनिट’ फाइलमध्ये खरंच ‘येस’ होतं.

दोन प्रश्न उरले. रात्री २ वाजता लावलेला बॅकअप सकाळी वाचनालय उघडायच्या वेळी चालतो आणि सूची मंदावते. आणि काल सर्व्हर कंपनीच्या पानावरून नव्याने उभा केला, तेव्हापासून तिन्ही यंत्रांवर ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा भीतीदायक इशारा येतोय.

शिवडीकर

बॅकअपचं सोपं आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, आपण साडेपाच तास पुढे. त्याचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’, आणि मग क्रॉनची (ठरल्या वेळी कामं लावणारी) सेवा रीस्टार्ट करा. तोवर ती जुन्याच वेळेवर चालत राहते.

इशाऱ्याबद्दल. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची ओळख-किल्ली असते. पहिल्यांदा जोडताना तुम्ही ‘येस’ लिहिलंत तेव्हा ती ‘नोन_होस्ट्स’ फाइलमध्ये नोंदली गेली. सर्व्हर नव्याने उभा केला की नवी ओळख तयार होते. इशारा त्याचाच असेल तर ‘एसएसएच-कीजेन -मोठा आर सर्व्हरचा-आयपी’ने जुनी नोंद काढा. पण काढण्याआधी खात्री करा. कंपनीच्या ब्राउझर कन्सोलमधून सर्व्हरवर जाऊन ‘एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब’ चालवा. तिथे छापलेला ठसा (फिंगरप्रिंट) आणि जोडताना दिसणारा ठसा अक्षरशः जुळला तरच ‘येस’. दोन्ही पडद्यांवर शेजारी ठेवून बघायला अर्धं मिनिट लागतं. सर्व्हर नव्याने उभा केलेला नसताना हा इशारा आला तर मात्र पुढे जाऊ नका, आधी आयपी दुसऱ्याला गेलाय का ते तपासा. काही कंपन्यांकडे सर्व्हर थांबवून पुन्हा चालू केला की बाहेरचा आयपी बदलतो आणि जुना दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. कायमचा आयपी वेगळा मागून घ्यावा लागतो.

सर्व्हर नवा म्हणजे ऑथराइज्ड_कीजसुद्धा नवी. तिघांच्या ओळी पुन्हा घालाव्या लागतील, पासवर्ड लॉगिनही पुन्हा तपासावं लागेल.

तारवाला

त्याला जोडून. यंत्राच्या नावाची ओळख किल्लीच्या ओळीत शेवटी असते ना, तिचा उपयोग लॅपटॉप हरवल्यावर होतो. समजा वसईचा लॅपटॉप लोकलमध्ये राहिला. ऑथराइज्ड_कीजमधून ‘वसई-उबुंटू’ने संपणारी एक ओळ काढा, बाकी दोघांना काहीच बदलावं लागत नाही. पण ओळ काढली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी तुटत नाही. ‘हू’ कमांडने कोण आत आहे ते बघा आणि त्या टीटीवायचं (टर्मिनल सत्राचं) नाव देऊन ‘सुडो पीकिल -एचयूपी -टी पीटीएस/१’ असं तिला बाहेर काढा, क्रमांक तुम्हाला दिसेल तो. नुसता बोगदा काढून बसलेली जोडणी ‘हू’मध्ये दिसत नाही. ती ‘सुडो एसएस -टीएनपी’च्या यादीत एसएसएचडीच्या नावाने सापडते, तिथला पीआयडी (प्रक्रियेचा क्रमांक) बघून ‘सुडो किल’. टॅलीच्या खात्याचा पासवर्डही त्याच वेळी बदला, रेमिनात तो साठवलेला असू शकतो.